पूजेतला रंधा

आमच्या कर्जतच्या हायस्कुलात त्या काळी दोन प्रकारचे शिक्षक होते. एक वर्गात बोलणारे आणि दुसरे मागच्या शेडमध्ये काहीतरी ठोकणारे. ठोकणाऱ्यांना चहा शेवटी मिळे. स्नेहसंमेलनाचं स्टेज बांधायला मात्र सर्वांत आधी बोलावणं येई. मी बोलणाऱ्यांपैकी. मराठी शिकवायचो, आणि लाऊडस्पीकर बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, एवढ्याच पात्रतेवर संस्थेच्या प्रत्येक समारंभाचं निवेदन माझ्याकडे असे. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक मायक्रोफोनच्या मागून पाहिलेलं आहे. तिथून माणसं फार चांगली दिसतात, कारण ती तुमच्याकडे पाहत नसतात.

जिल्ह्याचं नाव तेव्हा अजून कुलाबाच होतं. खेड्यातल्या मुलांना हाताचं काम शिकवलं पाहिजे असं सरकारच्या मनात कुठूनतरी आलं होतं, आणि ते शिकवायला आधी शिक्षक घडवायला हवेत हेही ओघाने आलं. आमच्या संस्थेने तंत्रशिक्षकांचा एक वर्षाचा वर्ग मागून घेतला. पत्र्याच्या शेडला कार्यशाळा म्हणायला सुरुवात झाली. शेजारच्या भातगिरणीतला कोंडा उडून आत येई आणि बाकांवर, हत्यारांवर, विद्यार्थ्यांच्या केसांवर सारखाच बसे. रसायनीच्या एका कारखान्याने भंगारात काढलेलं लेथ मशीन आम्हाला भेट दिलं. ते स्वीकारताना अध्यक्षसाहेबांनी हार घातला तो कारखान्याच्या मॅनेजरला. मशीनला हार पुढे मिळाला, त्याची ही हकीकत.

अध्यक्षसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माथेरानला त्यांचं एक हॉटेल होतं आणि कर्जतला ती गिरणी. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाला निदान आपण काय करतोय ते कळत असतं. समारंभ नसला की यांची झोप उडे, आणि समारंभ असला की इतरांची. वर्गाला वर्ष होत आलं तेव्हा त्यांनी ठरवलं की भावी तंत्रशिक्षकांचं विभागीय संमेलन आणि कौशल्य-स्पर्धा आपल्याकडे व्हायची. तीन जिल्ह्यांतले असेच वर्ग येणार, दोन दिवस राहणार, सुतारकामाची स्पर्धा होणार. प्रत्येकाने सर्वांसमोर लाकडी चौकटीचा एक कोपरा जोडून दाखवायचा आणि जोडता जोडता तो शिकवायचाही.

आमच्या वर्गात पळसदरीजवळच्या गावातला एक जण होता. वडील रेल्वेत गँगमन. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव गेले आणि देवळीत बुद्धाची तसबीर आली. हा तेव्हा पाळण्यात असावा. म्हणजे पूजा नावाची गोष्ट त्याने फक्त दुसऱ्यांच्या घरात आणि तीही दारातून पाहिलेली. त्याच्या हाताला असं वळण होतं की तो करवत चालवत असला की शेडमधली बाकीची मुलं आपापली करवत थांबवत. बोलायला उभा केला की मात्र भाषा घरची निघे. ‘ह्ये आसं हाय, त्ये तसं नाय,’ एवढ्यात पाठ संपायचा. कार्यशाळेचे मास्तर म्हणायचे, “ह्याला तोंड नसतं तरी चाललं असतं.” हे कौतुक होतं, आणि ते त्याच्यासमोरच केलं जाई.

जून महिन्यात आमच्याच संस्थेच्या खालापूर तालुक्यातल्या शाळेत टेक्निकलचा विभाग सुरू व्हायचा होता. जागा एकच. अध्यक्षसाहेबांनी प्रार्थनेच्या वेळी मैदानावर जाहीर केलं, “आपल्या वर्गातला जो कोणी या स्पर्धेत सगळ्यांत वर येईल, त्याला ती जागा. माझा शब्द आहे.” त्या शब्दाला मायक्रोफोन मीच धरला होता.

पळसदरीच्या त्या मुलाने याआधी दोन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. दोन्हीकडे नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. जाहीर झालं त्या दिवशी तो मला स्टेशनवर भेटला. नेहमी गप्प असणारा, त्या दिवशी आपणहून बोलला.

“सर, हितं मुलाखत नाय.”

“नाही.”

“हितं लाकूड हाय,” तो म्हणाला, आणि गाडी येईपर्यंत फलाटाच्या कडेला बसून राहिला.

जागा त्याचीच, असं सगळ्यांनीच धरलं होतं. दुसऱ्या क्रमांकाला कोण येणार, फक्त यावर चर्चा होती. तो बहुधा वर्गातला आमचा वक्ता, ज्याच्या घरी वक्तृत्वाचे कप फडताळात मावत नव्हते. त्याच्या भाषणांची तालीम मीच घेत असे. त्याच्या हातात पटाशी दिली की मास्तर पुढच्या मुलांना मागे सरायला सांगत. त्यालाही हे माहीत होतं आणि त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. “मी काय, बँकेच्या परीक्षा देतोच आहे,” असं तो म्हणे.

संमेलनाच्या आधी मुख्याध्यापकांना कल्पना सुचली. मुख्याध्यापकांना कल्पना सुचली की आम्ही सगळे थोडे घाबरायचो.

“दीपप्रज्वलन सगळेच करतात,” ते म्हणाले. “आपण यंत्रपूजा करू. तंत्रज्ञानाचं संमेलन आहे. औचित्य साधेल.”

“खंडेनवमीला करतो तशी?” मास्तरांनी विचारलं.

“तशीच. पण मोठी.”

मास्तर जातीने सुतार. त्यांच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजली जायची आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना कोणी हात लावत नसे. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मुख्याध्यापक तोवर मांडवाच्या रंगाकडे वळले होते.

संमेलनाच्या दिवशी सकाळी शेडमध्ये लाल कापड अंथरलं होतं. त्यावर आमच्याकडची सगळी हत्यारं मांडली. मांडणी पळसदरीच्या मुलाने केली, कारण मांडणी नीट करणारा तोच होता: लहान पटाशीपासून मोठ्या रंध्यापर्यंत, शिडीच्या पायऱ्यांसारखी. पूजा मानत नसला तरी हत्यार वेडंवाकडं ठेवलेलं त्याला सोसत नसे. मग फोटोग्राफर म्हणाला, कापड रिकामं दिसतंय. तेव्हा पाहुण्या विद्यार्थ्यांनी आपापल्या पेट्या उघडल्या आणि त्यांचीही हत्यारं कापडावर आली. शेवटी शेडमध्ये अशी एक हातोडी उरली नाही जिच्यावर फूल नव्हतं. लेथला हार घातला, त्याच्या बटणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. वीज तशीही गेलेली होती; मायक्रोफोन तेवढा बॅटरीवर चालत होता.

पूजा अध्यक्षसाहेबांच्या हस्ते झाली. भटजींनी मंत्र म्हटले, मी मध्येमध्ये निवेदन केलं, घंटा वाजली, आरती झाली. अध्यक्षसाहेब बोलले. श्रमाची प्रतिष्ठा यावर बोलताना त्यांना दोनदा खुर्चीवर बसावं लागलं. पळसदरीचा मुलगा मागे, दाराजवळ उभा होता. आरतीचं ताट त्याच्यापर्यंत आलं तेव्हा ज्याच्या हातात ते होतं त्याने ते न थांबता पुढे नेलं. दोघांचीही सोय झाली.

भटजी पिशवी भरायला लागले तसे म्हणाले, “हत्यारं आता हलवायची नाहीत हं. उद्या सकाळी उत्तरपूजा करतो, मग काय ते करा.”

“अहो, पण आत्ता स्पर्धा आहे,” मी म्हटलं.

“मग आधी करायची होती.”

“आत्ताच उत्तरपूजा करता येणार नाही का?”

“अहो, आत्ता तर बोलावलंय त्यांना. लगेच चला म्हणायचं?” असं म्हणून भटजी नेरळच्या एका मुंजीला निघून गेले.

तीन जिल्ह्यांतले भावी तंत्रशिक्षक लाकडाचे ठोकळे मांडीवर घेऊन बसले होते. समोर लाल कापडावर सगळी हत्यारं फुलांखाली पडली होती. कोणी उठेना. मास्तरांनी तर पायातल्या चपलाही शेडबाहेर काढून ठेवल्या होत्या. मग परीक्षकांची बैठक बसली. परीक्षक म्हणजे मुख्याध्यापक, मास्तर आणि ठाण्याकडून आलेले एक विज्ञानाचे पदवीधर. या पदवीधरांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं की त्यांचा वैयक्तिक विश्वास अजिबात नाही.

“हा श्रद्धेचा प्रश्नच नाही,” ते म्हणाले. “औचित्याचा आहे. अध्यक्षसाहेब समोर बसलेत.”

“पण हत्यारांशिवाय सुतारकाम कसं?” मास्तर म्हणाले.

“आपण सुतार थोडेच निवडतोय,” मुख्याध्यापक म्हणाले. “शिक्षक निवडतोय. काम काय, सुतारही करतो. सांगता यायला पाहिजे.”

मास्तर सुतारच होते. 

मी मायक्रोफोनवर जाहीर केलं की स्पर्धा ठरल्याप्रमाणे प्रात्यक्षिकच राहील, फक्त साधनांविना. मी ते वाक्य इतकं ठणठणीत म्हटलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या काही तासांत मी आयुष्यात कधी विसरणार नाही असं काही पाहिलं. विशी-बाविशीतली धडधाकट पोरं एकेक करून रिकाम्या बाकासमोर उभी राहिली आणि हवेला रंधा मारू लागली. रत्नागिरीकडचा एक इतक्या मन लावून हवा कापत होता की मध्ये थांबून त्याने घाम पुसला. एकाने शेजारच्याला न दिसणाऱ्या फळीचं टोक धरायला लावलं आणि ते नीट धरलं नाही म्हणून चिडला. दुसऱ्या एकाच्या बोटाला हवेतली पटाशी लागली. त्याने खरंच बोट तोंडात घातलं. कोणी हसलं नाही. परीक्षक गुण देत होते. विज्ञानाचे पदवीधर एकाला म्हणाले, “कोन थोडा तिरका वाटला.”

मग आमचा वक्ता उभा राहिला. त्याने बाकाला नमस्कार केला, सभेकडे पाहिलं, आणि सुरुवात केली, “रंधा म्हणजे काय? रंधा म्हणजे लाकडाचा अहंकार उतरवणारा गुरू.” हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नव्हतं. अध्यक्षसाहेबांनी मान डोलावली. पुढची दहाएक मिनिटं तो गुरू-शिष्य, संस्कार आणि खाच-खळगे यांवर बोलला. चौकटीचा कोपरा कुठे जोडला गेला ते मला कळलं नाही, पण सभेला जोडला गेल्यासारखं वाटलं.

शेवटी पळसदरीचा मुलगा आला. तो बाकाशी गेला नाही. लाल कापडापाशी उभा राहिला.

“सर, मला रंधा घेऊ द्या,” तो म्हणाला.

“अरे, पूजा झाली आहे,” मुख्याध्यापक म्हणाले.

“पूजा तुमची हाय. आमच्या घरात पूजा नाय. मला घ्यायला काय अडचण नाय.”

 परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तिघांनी अध्यक्षसाहेबांकडे पाहिलं. अध्यक्षसाहेबांच्या चेहऱ्यावर उदार हसू आलं. मी ते हसू ओळखत होतो; भाषणात ‘शेवटच्या माणसापर्यंत’ हे शब्द आले की ते येई.

“घेऊ दे की,” ते म्हणाले. “घे रं बाळा. इथं कोणी कुणाला अडवत नाही. आपल्याकडं सगळे सारखे.”

त्याने वाकून मोठा रंधा उचलला. पात्याजवळचं झेंडूचं फूल काढून बाजूला ठेवलं, अक्षता फुंकल्या. मग करवत घेतली, पटाशी घेतली, काटकोन तपासायचा गुण्या घेतला. त्याने आपल्या लाकडावर रेघ मारली आणि कामाला लागला. लाकडाचा भुगा पडायला लागला तशा मागच्या खुर्च्या सरकू लागल्या. हवा तासून आलेली पोरं उभी राहून पाहू लागली. मास्तरांनी आधी तोंड फिरवलं होतं. थोड्या वेळाने तेही चपला न घालताच बाकापर्यंत आले. तो मधूनमधून बोलतही होता. “हितं जोर नाय द्यायचा. लाकडाच्या आंगानं जायचं. आता बगा, ह्ये बसतंय.” बसलं. त्याने कोपरा अध्यक्षसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला. सुटला नाही.

“छान,” अध्यक्षसाहेब म्हणाले.

त्याने बाक झाडला, भुगा गोळा केला आणि हत्यारं लाल कापडावर जिथली तिथे ठेवली. फूलसुद्धा पात्याजवळ परत ठेवलं. बाहेर आला तेव्हा मला म्हणाला, “सर, झालं.”  

दुसऱ्या दिवशी सकाळी भटजी उत्तरपूजेला आले. त्यांनी विचारलं, काही हलवलं का. मास्तरांनी चारही हत्यारांची नावं सांगितली. करवत, पटाशी आणि गुण्या बाकीच्यांतून ओळखू येण्यासारखे नव्हते, कापडावर तसे बरेच होते. रंधा मात्र एकच एवढा मोठा होता. भटजींनी तो बोटाच्या टोकाने कापडाबाहेर सरकवला आणि बाकीच्यांवर पाणी शिंपडलं. तो रंधा दिवसभर कुणीच उचलला नाही.  विज्ञानाचे पदवीधर त्याला वळसा घालून गेले.

मग समारोप झाला. आमच्या वर्गातून पहिला आला वक्ता. सबंध विभागातही तोच पहिला. खालापूरची जागा त्याला जाहीर झाली. टाळ्या संपायच्या आत पळसदरीचा मुलगा उभा राहिला.

“सर, माझा कितवा नंबर?”

मुख्याध्यापक माझ्याकडे पाहू लागले. मला सांगण्यात आलं नव्हतं. विज्ञानाच्या पदवीधरांनी माझ्या हातातला मायक्रोफोन घेतला.

“तुझं काम उत्तम होतं,” ते म्हणाले. “पण स्पर्धा साधनांविना होती. इतरांना जे मिळालं नाही ते तू वापरलंस. समान संधीचं तत्त्व आहे. तुला गुण दिले असते तर बाकीच्यांवर अन्याय झाला असता.”

“मग घ्यायला कशाला सांगितलं?”

“तूच मागितलंस,” अध्यक्षसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खरीच माया होती. “आम्ही नाही म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं.”

 मुलगा उभाच होता. तो बसत नाही म्हटल्यावर मांडवात चुळबुळ सुरू झाली. अध्यक्षसाहेब मुख्याध्यापकांच्या कानाशी लागले, मुख्याध्यापक माझ्या. मी मायक्रोफोनवर सांगितलं की अध्यक्षसाहेबांनी स्वतःच्या इच्छेने एक उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर केलं आहे. शिपायाने तो रंधा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. कागद जाड होता. त्याने दोन-तीन थर घेतले होते.

सभेने खूप टाळ्या वाजवल्या. एवढं मोठं मन कुणी पाहिलं नव्हतं.

मुलगा पुढे आला. त्याने कागद तिथेच सोडला, रंधा उलटा करून पात्यावरून अंगठा फिरवला.

“ह्याला धार मीच लावलीती,” तो म्हणाला. आणि मग अध्यक्षसाहेबांना, शांतपणे, “ऱ्हाऊ दे माज्याकडं. तुमाला आता ह्याचा तसा बी उपेग नाय.”

अध्यक्षसाहेबांना हे आभार वाटले. त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला आणि तो फोटोसाठी तसाच हवेत धरला.

वक्ता खालापूर तालुक्यात रुजू झाला. बँकेच्या परीक्षा त्याने सोडून दिल्या. पळसदरीचा मुलगा काही दिवस खोपोलीला एका कारखान्यात खोकी ठोकत होता, मग माथेरानला हॉटेलांच्या खिडक्या-दारं करायला लागला. तिथे गाडी जात नाही. फळ्या घोड्यावर आणि हत्यारं त्याच्या पाठीवर. ज्यांची दारं त्याने बसवली त्यांत अध्यक्षसाहेबांचं हॉटेलही होतं. ते पाहुण्यांना सांगत, “हा आमचाच विद्यार्थी.”

काही वर्षांनी त्या खालापूरकडच्या शाळेची तपासणी होती आणि माझा आवाज उसना मागवला होता. कार्यशाळेत गेलो तर बाकाशी तो उभा. वक्त्याने, म्हणजे आता सरांनी, त्याला रोजावर बोलावलं होतं. अधिकारी आत आले तसे सर बोलू लागले. “पाहा, रंध्याचा कोन पाहा. लाकडाचा अहंकार कसा उतरतो पाहा.” आणि तो रंधा मारत होता. तोच मोठा रंधा. मूठ घासून काळी झालेली. सर बोलताना थांबले की तो थांबे, सर पुढे गेले की तो पुढे जाई. त्यांनी याची तालीम केली होती हे उघड होतं.

“हे कोण?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“प्रात्यक्षिकासाठी माणूस लावलाय, साहेब,” सर म्हणाले.

“वा,” अधिकारी म्हणाले. “सगळ्याच शाळांनी असं केलं पाहिजे.”

संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर तो मला भेटला. रंधा गोणपाटात गुंडाळून काखेत धरलेला. मी विचारलं, “तू कशाला येतोस रे इथे?”

“पोरं बगतात ना, सर,” तो म्हणाला. “बोलनं कुनाचं बी असू द्या, पोरं हाताकडंच बगतात.” मग गोणपाट सारखं करत, “काय शेरा दिला सायबांनी?”

“उत्तम.”

“कुनाला?”

“विभागाला.”

“मंग पुढल्या वर्षी बी बोलावतील,” तो म्हणाला, आणि एस.टी. आली तेव्हा आधी रंधा आत ठेवून मग चढला.